चार महिन्यांचं तांबं

वहिनी: विकले म्हणजे? सगळे?

भावजी: आधी बसा तरी, वहिनी. गाडीतून उतरून थेट कारखान्यात आलाय. चहा सांगतो. नात कशी आहे? कुणावर गेलीय?

वहिनी: माझ्यावर. तीही गळा काढून सांगत असते आणि कुणी ऐकून घेत नाही. तांब्याचे सगळे वायदे विकलेत का, भावजी?

भावजी: सगळे.

वहिनी: मला न विचारता.

भावजी: तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात आणि तांबं पडायला लागलं. रोज पडायचं. रोज त्या ब्रोकरचा फोन, ‘साहेब, भाव खाली आलाय, खात्यात पैसे भरा.’ भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, भीक नको पण कुत्रा आवर. विकून टाक म्हणालो सगळं.

वहिनी: मला एक फोन करायला काय झालं होतं?

भावजी: केला होता. जावईबापूंनी उचलला. म्हणाले, तिला आत नेलंय, आई बाहेर बाकावर बसल्यात, काही निरोप आहे का? आता अशा वेळी काय सांगायचं? तांबं पडलं म्हणून सांगा?

वहिनी: हो, तेच सांगायचं.

भावजी: मला नाही जमलं.

वहिनी: ते दार लावा. मशिनच्या आवाजात ओरडून बोलावं लागतंय. खाली सगळ्यांना वाटेल, मी तुमच्यावर ओरडतेय.

भावजी: ओरडताच आहात की.

वहिनी: लावा आधी. हं. आता मला सांगा, पंपवाल्या कंपनीला आपण काय विकलंय?

भावजी: मोटरच्या वाइंडिंगची तार. शाळेतल्या पोराला उभं केल्यासारखं विचारू नका.

वहिनी: किती महिन्यांची?

भावजी: सहा. दोन महिन्यांची दिली, चारची राहिली.

वहिनी: भाव?

भावजी: सहाही महिने एकच. ठरलेला.

वहिनी: आणि राहिलेल्या तारेचं तांबं कुठे आहे?

भावजी: आणायचंय. दर महिन्याला रॉड आणतो तसं.

वहिनी: त्या त्या दिवशीच्या भावाने! म्हणजे विकायचा भाव बांधलेला आणि घ्यायचा भाव मोकाट. म्हणून तर मी तेव्हाच्या भावाने पुढच्या तांब्याचे सौदे, हे वायदे, बाजारात घेऊन ठेवले होते. तांबं महागलं तर रॉडवाल्याला जास्त द्यायचे, पण तेवढेच वायद्यात मिळायचे. स्वस्त झालं तर वायद्यात जायचे, पण तेवढेच रॉडमध्ये वाचायचे. आपला नफा होता तिथेच राहणार. हे मी निघताना तुम्हाला याच खुर्चीत बसवून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत.

भावजी: डोलावली.

वहिनी: कळलं म्हणूनच ना?

भावजी: तुमची गाडी चुकेल म्हणून.

वहिनी: धन्य आहे!

भावजी: पण वहिनी, माझंही ऐका. जात होते ते पैसे रोज डोळ्यांना दिसत होते. फोन यायचा, आकडा यायचा, खातं रिकामं व्हायचं. वाचत होते ते मला कुणी दाखवले? रॉडवाल्याने कधी फोन करून सांगितलं का, ‘काका, आज तुमचे एवढे वाचले बरं का’?

वहिनी: वाचलेले दिसतात ते तांबं घेतल्यावर.

भावजी: म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी! आणि शनिवारी पगार होता. खात्यात उरलं होतं ते एक तर ब्रोकरला द्यायचं, नाहीतर खालच्या माणसांना. तुम्ही काय केलं असतंत?

वहिनी: बँकेत गेले असते. मॅनेजरशी बोलूनच गेले होते मी. भाव फार पडला तर आमचे भावजी येतील, तेवढ्यापुरते पैसे सोडा म्हणून. तुम्ही फक्त जाऊन बसायचं होतं.

भावजी: तेच नाही जमत मला. त्या काचेच्या खोलीबाहेर बसायचं, मग तो कालचा पोरगा विचारणार, काका, हे पैसे कशासाठी? मी काय सांगू? तांब्याच्या जुगारात हरलोय, द्या?

वहिनी: जुगार नव्हता तो! किती वेळा सांगायचं? तुम्ही वायदे विकलेत ना, त्या दिवशी जुगार सुरू झाला. आजचा भाव बघितलात?

भावजी: बघितला.

वहिनी: मग सांगा ना. मीच बोलू का सगळं?

भावजी: आपण वायदे घेतले होते त्याच्याही वर गेलाय. कुठलीतरी मोठी खाण बंद पडलीय म्हणतात.

वहिनी: तेलही गेलं आणि तूपही गेलं. पडताना वायद्यात घालवले, आता चढताना रॉडमध्ये घालवणार.

भावजी: दादा असते तर या भानगडीत पडलेच नसते. छातीठोकपणे उभे राहिले असते.

वहिनी: काढलंत त्यांचं नाव? तर ऐका. पुढच्या खोलीत रेडिओ कानाला लावून भाव ऐकत बसायचे तुमचे दादा. तांबं चढलं की जेवण सुटायचं. तुम्ही खाली मशिनपाशी, तुम्हाला त्यांची छाती दिसायची. मला झाकून ठेवलेलं ताट दिसायचं. डॉक्टर म्हणाले हृदयाने गेले. मी म्हणते तांब्याने गेले. म्हणून शिकले मी हे सगळं, या वयात, पोराएवढ्या मुलांच्या शेजारी बसून. हौस होती का मला?

भावजी: हे कधी बोलला नाहीत, वहिनी.

वहिनी: तुम्ही कधी विचारलं नाहीत.

भावजी: चुकलं माझं. आता काय करायचं तेवढं सांगा. पंपवाल्यांकडे जाऊ? थोडा भाव वाढवून मागतो.

वहिनी: तांबं पडलं होतं तेव्हा आपण त्यांना कमी करून दिला होता का? कोणत्या तोंडाने मागणार? आणि माल अडवला तर पुढची ऑर्डर विसरा. ब्रोकरला फोन लावा. चार महिन्यांचे वायदे परत घ्यायचे. आज.

भावजी: आज? या भावाने? वरातीमागून घोडं झालं हे! अहो, या ऑर्डरच्या नफ्यातून नवी भट्टी घ्यायची होती.

वहिनी: भट्टी गेली.

भावजी: किती सहज म्हणता! त्या जुन्या भट्टीपाशी मी उभा असतो, तुम्ही नाही. दार धड लागत नाही तिचं. तार मऊ व्हायच्या ऐवजी काळी पडते, रोज एखादं रीळ भंगारात जातं. दोन वर्षं मी त्या दाराला खांदा देतोय.

वहिनी: माहीत आहे मला. पण आज घेतलं तर भट्टीवर भागेल. आणखी चढलं तर कारखाना जाईल.

भावजी: दोन दिवस थांबू. खाण काय कायमची बंद राहणार आहे? भाव उतरेल. माझं मन सांगतंय.

वहिनी: वा! आता तुमचं मन भाव सांगायला लागलं. जुगार नको म्हणून वायदे विकलेत, आणि आज भाव उतरेल यावर सगळा कारखाना लावायला निघालात!

भावजी: तसं नव्हतं म्हणायचं मला.

वहिनी: तसंच होतंय ते. फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. विकताना तुम्ही बोललात, घेतानाही तुम्हीच बोला.

ब्रोकर: बोला साहेब, बोला! काय पळतोय बाजार!

भावजी: आपलं आधीचं होतं ना, चार महिन्यांचं, ते परत घ्यायचंय. सगळं.

ब्रोकर: आत्ता? साहेब, आम्ही सल्ला द्यायचा नसतो, पण कानावर येतंय की जरा खाली येईल. एक-दोन दिवस थांबलात तर...

भावजी: बघा वहिनी, तोही तेच म्हणतोय!

वहिनी: चार महिने तार त्याला द्यायचीय का?

ब्रोकर: अरे, मॅडम आल्या वाटतं. नमस्कार, मॅडम.

वहिनी: नमस्कार. भावजी काय सांगतात ते ऐका.

ब्रोकर: हं, साहेब?

भावजी: घ्या. आजच्या भावाने घ्या सगळं.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याच खोलीत.)

वहिनी: भाव पडला, भावजी.

भावजी: माहीत आहे. खाण सुरू झाली म्हणे.

वहिनी: एका दिवसात! सकाळपासून त्या आकड्याकडे बघत बसलेय. काल थांबलो असतो तर निम्मी भट्टी तरी आली असती.

भावजी: वहिनी, तुम्ही असं बोलायचं नाही.

वहिनी: का नाही बोलायचं? मी काय दगड आहे? बरोबर केलं ते कळतंय मला, आणि तरी कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय.

भावजी: आणि आज आणखी चढला असता तर?

वहिनी: तर मी शहाणी ठरले असते. नाही ठरले. घ्या, बोला आता. काल मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले, आज तुमची पाळी.

भावजी: दुपारी ब्रोकरचा फोन आला होता.

वहिनी: पैसे भरा म्हणून?

भावजी: दुसऱ्या कशासाठी येतो त्याचा फोन?

वहिनी: मग मला का नाही सांगितलंत? खात्यात तर काहीच नाही.

भावजी: नव्हतंच. बँकेत गेलो. बसलो त्या काचेबाहेर. त्या पोराने विचारलंच, काका, कशासाठी? म्हटलं, तार विकून बसलोय, तांबं अजून घ्यायचंय, मधल्या दिवसांपुरते हवेत.

वहिनी: काय म्हणाला?

भावजी: काय म्हणणार? इथे सही करा म्हणाला.

वहिनी: एवढंच?

भावजी: एवढंच. पाच मिनिटांचं काम होतं, वहिनी. त्याचाच जास्त त्रास होतोय.

वहिनी: आणि माझ्यावर रागावला नाहीत?

भावजी: रागावलोय की! तुमच्यावर, ब्रोकरवर, त्या खाणीवर. पण पैसे भरून आलो आणि मग रागावलो.