दोन मजल्यांच्या मध्ये, आणि पान सापडेना

हसा, हसा तुम्ही! दोन मजल्यांच्या मध्ये लटकले होते ते तुम्ही नव्हतात, मी होतो... आणि शेजारी सासूबाई! लिफ्ट बंद, दिवा बंद, पंखा बंद, चालू काय तर एक माझा फोन! बरं, लिफ्ट कुणाची? आमच्याच कंपनीची! मी तिथे फोनवर तक्रारी लिहून घेतो हो, पान्हा कधी हातात धरलेला नाही. केला फोन ऑफिसात. मेकॅनिक आला, त्याला आम्ही धांदल्या म्हणतो, थेट गच्चीवरच्या मशीनपाशी गेला आणि फोनवर म्हणतो कसा, "घाबरू नकोस रे! मशीन मला नवीन आहे, पण विकीवर सगळं लिहिलंय!"

संपलं! तुम्हाला सांगतो, विकी म्हणजे आमच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून लिहिलेली कॉम्प्युटरवरची पानं. कुणीही लिहावं, कुणीही वाटेल ते नाव द्यावं, या पानावरून त्या पानावर लिंक जोडावी. आणि नावं तरी काय? 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे नवे', 'महत्त्वाचे खरे'! अहो, दुसऱ्याला नावं ठेवायला सगळे पुढे, पानाला धड नाव ठेवायला एकजण नाही!

"लिफ्ट खाली आणायला मशीनचा ब्रेक हाताने सोडायचाय ना? 'ब्रेक' उघडतो," धांदल्या म्हणाला. "हं... 'ब्रेक जेवणानंतर मिळेल, उशीर झाल्यास पगार कापू'..."

तेवढ्यात लिफ्टने असा गचका दिला... खाली! सासूबाईंनी माझं मनगट धरलं. उभ्या जन्मात ही बाई कुणाला भ्यालेली मी पाहिली नाही, आणि आता आवाज चिमणीएवढा, "जावईबापू, तो विकी कोण आहे, त्यालाच बोलवा ना!"

"आई, विकी माणूस नाही हो!"

"मग माणसाला का नाही बोलावलं?"

काय सांगू, कपाळ? वरून धांदल्या ओरडला, "सापडलं! 'लिफ्ट खाली घेणे'! यात म्हणलंय, आधी 'हे' वाचा."

"मग वाच ना!"

"'हे' दाबलं तर म्हणतंय, असं पान नाही, तुम्ही तयार करता का? ...करू का रे? नाव काय देऊ?"

नाव काय देऊ! मी इथे दोरीला टांगलेला, आणि हा नाव काय देऊ! नावं ठेवायला सगळे पुढे, पण...

सासूबाईंनी फोनच ओढून घेतला. "याआधी कोणी अडकलं होतं का?"

"हो, आमचे साहेब."

"मग साहेब म्हणून शोधा! लोकांना काम आठवत नाही, माणूस आठवतो."

धांदल्याने 'साहेब' शोधलं आणि वरूनच ओरडला, "आहे! 'साहेब रडले तेव्हा'! सगळं लिहिलंय यात! पण याला कुठूनच लिंक नाही."

कोण देईल हो? नोकरी कुणाला नको झालीय?

तो एकेक ओळ वाचायचा, आम्ही बोटभर खाली यायचो, वाचायचा, यायचो... डोळे मिटून नुसतं ऐकत होतो. दार उघडलं तशा सासूबाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मग मीही बसलो. लपवू कशाला, त्यांच्यापेक्षा जोरात, पार गच्चीवर धांदल्याला ऐकू गेलं!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग. साहेब गरजले, "त्या पानाचं नाव बदला आणि प्रत्येक पानावरून लिंक द्या!" झटक्यात झालं की! प्रत्येक पानावर लिंक... 'जावई रडला तेव्हा'!

गेलो ना मी साहेबांकडे, नाव बदला म्हणून हात जोडायला. तर म्हणतात, "आता राहू दे रे... लिंक तुटतील!"