काळ्या ढगावरचे ठिपके

(नाशिक, १९८१. छापखाना. दुपारचे तीन.)

मालनबाई : भिमाजी, माझ्या फोटोवर हे पांढरे ठिपके कुणी दिले?

भिमाजी : मीच, बाई. दोन तास खपलो.

मालनबाई : पण कशाला?

भिमाजी : सगळीकडं चांदण्या अन् मधी हे भलंमोठं काळं भोक! म्हटलं, फोटो खराब झालाय. असाच छापला तर लोक म्हणतील, छापखान्यानं शाई सांडली.

मालनबाई : अहो, त्या काळ्यासाठीच तर हा फोटो! पुण्याच्या प्राध्यापकांना चार पत्रं धाडली, तेव्हा मिळाला. आठ वर्षं मागे लागले, तेव्हा कुठे शाळेनं आकाशावरच्या या पुस्तिकेला होकार दिला. शनिवारी शाळेत प्रदर्शन. पार येवला-नांदगावच्या मुली येणार. त्यांना काय दाखवू, तुमच्या चांदण्या?

भिमाजी : पण रिकाम्या जागेचा फोटो काढतं का कुणी?

मालनबाई : रिकामी नाही हो ती! सगळी पानं तुम्हीच जुळवलीत ना? वाचलं नाहीत?

भिमाजी : शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना अक्षर दिसतं, बाई. अर्थ नाय दिसत.

मालनबाई : देवा! ऐका. तो ढग आहे. वायू आणि धुरासारखी बारीक धूळ. भयंकर थंड. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतो, म्हणून काळा. सगळीकडे सारखा नसतो. कुठे विरळ, कुठे धाग्यांसारखा, कुठे गाठी. एखादी गाठ जड झाली की आपल्याच भारानं आत दबत जाते, तापते, आणि लाखो वर्षांनी तिथे तारा पेटतो.

भिमाजी : म्हंजे मी जरा घाई केली.

मालनबाई : हसू नका! छपाईचा ठसा करायला फोटो ब्लॉकवाल्याकडे कधी जायचाय?

भिमाजी : चारला माणूस येईल. थांबा, रंग पाण्यातला हाय. ओल्या कापसानं निघंल.

मालनबाई : आणि खरे तारे?

भिमाजी : ते कागदातच हायेत. माझे तेवढे जातील. फोटो धरा असा.

मालनबाई : हळू. अहो, हळू!

भिमाजी : तुम्ही श्वास धरून उभ्या ऱ्हाऊ नका, फोटो नीट धरा.

मालनबाई : तो कोपऱ्यातला राहिला.

भिमाजी : गेला. बघा आता.

मालनबाई : हं. होता तसा झाला.

भिमाजी : बाई, म्हंजे काळं दिसतं तिथं काही नाय, असं नाय. उलट तिथंच लय दाटी हाय.

मालनबाई : काय म्हणालात?

भिमाजी : चुकलं का?

मालनबाई : नाही. फोटोखाली हेच जुळवा.

भिमाजी : अन् तुम्ही लिहून दिलेल्या सहा ओळी?

मालनबाई : काढून टाका.