खराडीतले मासे

आमच्या घरात माझं कुणी खरं मानलं असेल तर शपथ. खराडीच्या ज्या मैदानावर काचेच्या बोगद्यातले मासे बघायचं ठरत होतं, तिथूनच मी रोज कामाला जाते. म्हटलं, प्रदर्शन उठलं, तंबूही गेला.

लेक नीलेश मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, चालू दाखवतंय."

अकोल्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "वहिनी, नीलेश शिकलेला आहे, तो बघेल."

आली नातवंडं घेऊन. मैदानावर म्हशी चरत होत्या. नीलेश अजून मोबाईलच चाळत होता.

"चालू आहे ना? मग जा आत," मी म्हटलं.

पोरं रडायला लागली. नणंदेनं तिथूनच सुनेला फोन लावला, "मासे कसले, डोंबल. घरातली बाई रोज इथून जाते, पण एका शब्दानं बोलली नाही. कोण म्हणजे? मंदावहिनी."