पंधरा बहमन, तेराशे सत्तेचाळीस

त्रिवेणी : मी मुद्दाम नाही ऐकलं, नाना. मैत्रिणीला फोन लावायचा होता म्हणून आतल्या खोलीतला उचलला, तर लाइनवर तुम्ही आणि अरविंददादा.

एकनाथराव : उचलला तसा ठेवून द्यायचा.

त्रिवेणी : ठेवणारच होते. पण तो म्हणाला, "काका, तुमच्या तारखेचं कुणाला कळलं तर तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटेल." मग ठेववेना. कसली तारीख?

एकनाथराव : तुझी बस येईल ना कंपनीची?

त्रिवेणी : येऊ दे. आणि नऊ वाजता तो इथे कशाला येतोय? कपाटावर ती नकाशाची गुंडाळी आठ दिवस पडलीये, ती त्याचीच ना? तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही. जेवताना पाठ करून बसता.

एकनाथराव : तुझं लक्ष असतं म्हणायचं. मला वाटायचं, तुला त्या कॉम्प्युटरपुढे काही दिसत नाही.

त्रिवेणी : नाना, टाळू नका. प्लीज.

एकनाथराव : बैस. दार लोट आधी, आई स्वयंपाकघरात आहे. माझी शाळेची सनद पाहिलीस कधी?

त्रिवेणी : ती उर्दूतली? मला काय वाचता येतंय. मला मराठीच धड वाचता येत नाही, तुम्हीच चिडवता.

एकनाथराव : तिच्यावर माझी पैदाइशीची तारीख आहे. पंधरा बहमन, तेराशे सत्तेचाळीस. हे फसली साल, बहमन म्हणजे आपला डिसेंबर. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर तेच चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल निघतं. एकोणसाठ साली सर्व्हे खात्यात नोकरीला लागलो तेव्हा दफ्तरातला कारकून गुंटूरकडचा. त्याला ना उर्दू येत होतं ना फसली. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, तुम्हीच लिहा. मी मिळवले पाचशे त्र्याण्णव.

त्रिवेणी : म्हणजे तीन वर्षांनी लहान झालात. मुद्दाम?

एकनाथराव : नाही ग. एकवीस वर्षांचं पोरगं, नवा सदरा घातलेला, मागे रांग उभी, तो कारकून "जल्दी, जल्दी" करतोय. चुकलं. आणि मग तेच सर्व्हिस बुकात चढलं.

त्रिवेणी : पण मग ही चूक आहे! यात घाबरायचं काय?

एकनाथराव : तेव्हा चूक होती. सत्त्याऐंशी साली मला कळली. एका जुन्या नकाशावर फसली आणि इंग्रजी, दोन्ही सालं शेजारी शेजारी होती. सहज मनातल्या मनात मोजलं आणि अंगाला घाम फुटला. त्या दिवसापासून ती चूक राहिली नाही, त्रिवेणी. अठ्ठावन्न पुरी झाली की वजिफ्यावर निघायचं, पेन्शन घ्यायची, हा कायदा. म्हणजे मी पंच्याण्णवच्या डिसेंबरात घरी बसायला पाहिजे होतं. दोन वर्षं झाली, मी सुधीरच्या खुर्चीत बसलोय. तो माझ्या मागे बढतीची वाट बघतोय बिचारा, आणि रोज मला चहा विचारतो.

त्रिवेणी : आणि हे अरविंददादाला कसं कळलं?

एकनाथराव : मीच दिलं हातात. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत जुन्या लोकांच्या सनदा छापायच्या होत्या. सेक्रेटरी साहेब, म्हणजे अरविंदच, घरी आले, "काका, तुमची असली सनद द्या, फोटो काढून परत करतो." मला केवढा अभिमान वाटला! रेशमी रुमालात बांधून दिली. त्यालाही उर्दू येत नाही, पण अफझलगंजला एक म्हातारा कातिब बसतो, लग्नाच्या पत्रिका लिहिणारा, त्याच्याकडून वाचून घेतली. बाकी बेरीज त्याला येते.

त्रिवेणी : आणि तो माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून देणार म्हणत होता! काय मागतो तो? पैसे?

एकनाथराव : पैसे मागितले असते तर बरं झालं असतं. "नाहीत" म्हणालो असतो, आणि ते खरंच होतं. त्याने पहिल्यांदा काही मागितलंच नाही. "काका, निश्चिंत रहा, माझ्या पोटात राहील." एवढंच. मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. महिन्याने एका जुन्या नकाशाची नक्कल मागितली. दिली. त्यात काय, कुणालाही मिळते. मग दिवाळीच्या आधी म्हणाला, माझ्या एका ले-आउटमध्ये नाला जरा रुंद दिसतोय. प्लॉट पाडून विकायचा धंदा ना त्याचा.

त्रिवेणी : नाना...

एकनाथराव : सहा फूट. मी तो सहा फुटांनी बारीक केला. या हाताने. अडतीस वर्षांत रेघ इकडची तिकडे केली नव्हती.

त्रिवेणी : आणि आता ती गुंडाळी?

एकनाथराव : हायटेक सिटी उठली तशी त्या बाजूच्या खडकालाही भाव आला. तिथे एक कुंटा आहे.

त्रिवेणी : कुंटा म्हणजे?

एकनाथराव : बारका तलाव. एकोणसत्तर साली मी स्वतः साखळी टाकून मोजलाय. गुडघाभर चिखलात उभा राहून. अरविंदच्या नकाशात तो नाही. त्याच्या जागी अठ्ठेचाळीस प्लॉट आहेत. खाली मी लिहायचं, "तपासले, बरोबर आहे", आणि दस्तखत. तुझ्यासारखीच नोकरीवाली पोरं तिथे घर बांधतील, त्रिवेणी. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जागा शोधत येईल.

त्रिवेणी : सही करायची नाही.

एकनाथराव : नाही केली तर सनदेची झेरॉक्स माझ्या साहेबाच्या टेबलावर. केली तर पुढच्या महिन्यात दुसरा तलाव. मला काय हे कळत नाही? रात्रंदिवस तेच मोजतोय. कुठूनही मोजलं तरी मी आत आणि तो दाराशी.

त्रिवेणी : मग आधीच का नाही सांगितलंत? सत्त्याऐंशीत? अर्ज केला असता, तारीख दुरुस्त झाली असती, संपलं असतं.

एकनाथराव : निघालो होतो सांगायला.

त्रिवेणी : मग?

कुसुमताई : मग मी अडवलं. दार लोटलं म्हणून मला ऐकू येत नाही असं वाटलं का? पोहे झाकून ठेवलेत, दोघं खाऊन घ्या आधी.

त्रिवेणी : आई, तुला हे सगळं माहीत आहे?

कुसुमताई : त्यांना घाम फुटला तो मीच पुसला होता. तुझा भाऊ विकास तेव्हा इंजिनिअरिंगला, तू सातवीत. म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ आहे, कुणाजवळ अवाक्षर काढाल तर. शपथ पाळली त्यांनी. दहा वर्षं.

एकनाथराव : पाळली.

कुसुमताई : माझं काय चुकलं? चोरी का केली होती? नोकरी इमानेइतबारे करत होते.

त्रिवेणी : चोरी नाही, पण आता त्या एका गोष्टीमुळे ते तलाव बुजवायला बसलेत!

कुसुमताई : एक दस्तखत करायचं आणि पुढच्या डिसेंबरात नीट वजिफ्यावर निघायचं. एवढंच आहे. मे महिन्यात तुझं लग्न. पुण्याची माणसं. अभिजीतच्या आईने पहिल्या भेटीत काय विचारलं, आठवतंय? "तुम्ही हैदराबादेत राहून मराठी सण करता का हो?" अशा बाईच्या कानावर गेलं, की व्याह्याने वय चोरलं, तर?

त्रिवेणी : अभिजीतला मी आज सांगते. त्याला चालणार नसेल तर आत्ताच कळू दे.

कुसुमताई : वेडी आहेस का! तुझ्या कंपनीत शिकवतात का असलं?

त्रिवेणी : माझ्या कंपनीत काय शिकवतात सांगू? आमचे मॅनेजर रितेश सर हसत हसत म्हणतात, "त्रिवेणी, रविवारी नाही आलीस तर चालेल हं. फक्त अमेरिकेला कुणाला पाठवायचं, ती यादी मीच करतो." मी सहा रविवार गेले. सातव्याला म्हटलं, सर, हे कागदावर लिहून द्या. त्या दिवसापासून हसायचे बंद झाले.

एकनाथराव : आणि यादी?

त्रिवेणी : यादीत नाव नाही. पण रविवारी झोपते. नाना, त्याने काही लेखी दिलंय का तुम्हाला?

एकनाथराव : नाल्याच्या वेळी एक चिठ्ठी आली होती. "सहा फूट कमी करणे, नाहीतर सनदेचे काय ते तुम्ही जाणता." मी तुझ्या आईला दिली, जाळ म्हणून.

कुसुमताई : जाळली.

त्रिवेणी : गेलं मग. तरी हरकत नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तारीख, नाला, सगळं. त्याच्या हातात तेवढीच एक गोष्ट आहे. ती तुम्हीच उघडी केलीत तर तो कशाने धरेल?

एकनाथराव : नाल्याचं सांगितलं तर चौकशी बसेल. दोन वर्षांचा पगार परत मागतील. वजीफा अडकवून ठेवतील, कदाचित कायमचा. आणि सुधीर माझ्याकडे कसा बघेल? तू म्हणतेस तितकं सोपं नाही ते, बाळ. सुटका म्हणजे काही मोकळं मैदान नाही.

त्रिवेणी : सोपं नाहीच. पण मी आहे. माझा पगार आहे. अर्ज इंग्रजीत लागेल ना? मी लिहिते, तुम्ही सांगा. तुमचे साहेबही ऑफिसात नऊलाच येतात, अरविंददादा यायच्या आधी आपण दोघं निघू. पेन कुठेय?

कुसुमताई : त्रिवेणी, पेन ठेव.

त्रिवेणी : आई, सोड हात.

कुसुमताई : ठेव म्हणते ना! माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. हा कागद लिहिलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.

एकनाथराव : कुसुम!

कुसुमताई : मग काय करू? तुमच्या हाताला धरून जेलात घालायला निघालीये पोरगी!

एकनाथराव : बघ तिच्याकडे. हातातलं पेन बघ. ठेवलं खाली. आत्ता चांगली तावातावाने बोलत होती आणि एका वाक्यात तोंडाला कुलूप. मी असाच उभा होतो, सत्त्याऐंशी साली, याच खोलीत.

कुसुमताई : मी तुमच्या भल्यासाठी...

एकनाथराव : अरविंदही हेच म्हणतो. "काका, तुमच्या भल्यासाठी सांगतो." तो धाक घालतो, तू रडतेस. तुझं प्रेम आहे, त्याचं नाही, एवढा फरक मला कळतो. पण माझी मान तुम्ही दोघांनी एकाच जागी धरली आहे ग. मी काही बोललो नाही, कारण मला तू हवी होतीस. त्या गप्प बसण्याचंच अरविंदने पुढे कुंपण केलं.

कुसुमताई : मला त्या अरविंदच्या पंगतीला बसवता?

एकनाथराव : माझ्यावरची शपथ राहू दे. मला सवय झाली. तिच्यावरची काढ. तिला आयुष्यभर कुणी ना कुणी अडवणार आहे, त्यात आपण नको. सुटली म्हण.

कुसुमताई : लहान मुलांसारखं काय...

एकनाथराव : लहान मुलांना घालतो तशीच घातलीस ना? मग तशीच सोड. सुटली म्हण, कुसुम.

(फोन वाजतो.)

त्रिवेणी : मी घेऊ?

एकनाथराव : नाही, माझाच आहे. ...हां, बोल अरविंद. ...नाही, झालं नाही दस्तखत. ...नाही, तब्येत बरी आहे, उलट आज बरीच बरी आहे. ...अरे, तू झेरॉक्स कुणालाही दाखव. फिकी आली असेल पण, जुना कागद तो. असली सनद मीच साहेबाकडे घेऊन चाललोय, अर्जाला जोडायला. ...नाल्याचंही लिहितोय. ...तुझं नाव? हो तर, घालावं लागेल. ...वाईट वाटून घेऊ नको, तूच म्हणालास ना, मला जास्त वाईट वाटेल म्हणून? ...तुझी गुंडाळीही सोबत नेतोय. ठेवतो.

त्रिवेणी : नाना, तुमचे हात केवढे गार पडलेत.

एकनाथराव : पडू देत. पाय अजून चालतायत. ते पेन इकडे दे, मीच लिहितो. त्या दिवशीही मीच लिहिलं होतं. तू नंतर इंग्रजी तपास. सुधीरचं नाव कसं लिहितात ग, "डी एच" ना? त्याचंही लिहायला हवं, त्याची दोन वर्षं गेली.

त्रिवेणी : आई, तू कुठे चाललीस? आई! नाना, ती आत गेली. ती आता जेवण सोडेल, तुम्हाला माहितीये.

एकनाथराव : सोडू दे. मी समोर बसेन ताट घेऊन. पण कागद लिहून झाल्यावर.

कुसुमताई : कुणी जेवण सोडलेलं नाही. ही घ्या.

त्रिवेणी : ही तर... चिठ्ठी? जाळली म्हणालीस!

कुसुमताई : मसाल्याच्या डब्याच्या तळाशी होती. जाळायला गेले तर हात धजेना. त्या मेल्याचं अक्षर आहे खाली, कधीतरी लागेल असं वाटलं. मलाही काही कमी भीती नव्हती, अहो. मी कुणाला सांगणार? बोल, असं शपथ घालून मला विचारणारं माणूसच नव्हतं.

एकनाथराव : बैस इथे. बैस जरा.

कुसुमताई : बसायला वेळ कुठाय, साहेब नऊला येतो ना तुमचा? गेल्या महिन्यात शनिवारी मी शिरा केला होता.

त्रिवेणी : हो. मी विचारलं तर मारुतीचा नैवेद्य म्हणालीस.

कुसुमताई : त्या दिवशी यांची साठ भरली, खरी तारीख मला माहीत होती ना. लोकांची साठी केवढ्या थाटात करतात. मी गुपचूप वाटीभर शिरा पुढे केला, आणि हे गुपचूप खाऊन आंघोळीला गेले. तो शिरा माझ्या घशाखाली उतरला नाही. ...सुटली, त्रिवेणी. तुझी सुटली, त्यांचीही सुटली.

एकनाथराव : कुसुम...

कुसुमताई : काही बोलू नका, मला रडू येईल. पाट घ्या आणि पूर्वेला तोंड करून बसा. त्रिवेणी, निरांजन लाव ग. तुझे वडील साठ वर्षांचे झालेत.