पान निळं होत नाही

(कळंबच्या एका शाळेत विज्ञान अध्यापक मंडळाचा वार्षिक मेळावा. भरदुपार. मांडवामागच्या पायरीवर निवृत्त शिक्षक शंकरप्पा आणि ढोकीकडच्या शाळेतल्या शिवांजलीबाई.)

शंकरप्पा : मग सेक्रेटरी काय म्हणाला?

शिवांजली : रणधीर सर म्हणाले, शिक्षणाधिकारी साहेब समोर बसलेत, फसलेला प्रयोग मंचावर कशाला? आयोडीननं पान निळं होत नसेल तर फळ्यावर निळ्या खडूनं काढून दाखवा. सगळे हसले, सर.

शंकरप्पा : आन् तुमी?

शिवांजली : उतरले खाली. पण सोमवारी वर्गात काय सांगू? दोनदा केला, दोनदा पान तांबूसच. पोरं आधी म्हणायची, बाई, पुस्तक लबाड हाय. आता तेवढंही म्हणत नाहीत.

शंकरप्पा : शिसारी येती बघा. हे मंडळ आमी सात जणांनी काढलं ते याच्यासाठीच. दर महिन्याला ज्यानं त्यानं आपला फसलेला प्रयोग घेऊन यायचा, न्हाय तर चहा न्हाय. कीर्तनात बुवा अडला तर टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, बुवाला खाली बसवत न्हाईत. आन् इथं सकाळपासनं नुसते हार.

रणधीर : (मांडवातून येत) सर, तुम्ही इथं होय! चला, तुमचा जीवनगौरव पुकारलाय. साहेबांना पुढं जायचंय.

शंकरप्पा : थांबा जरा. बाई, पान तोडलं कधी?

शिवांजली : सकाळीच. प्रार्थना झाली की पहिला तास माझाच असतो.

शंकरप्पा : तिथंच घात झाला. दिवसा पान स्टार्च साठवतं, आयोडीननं निळं होतं ते त्याच्यानंच; रातभर झाड तेच खातं. सकाळी पानात उरणार काय? ऊन खाल्लेलं पान घ्या.

शिवांजली : एवढंच होतं, सर?

शंकरप्पा : एवढंच. रणधीर, हे तुमाला ठाव नव्हतं?

रणधीर : प्रयोग करून लई वर्षं झाली, सर. चला ना, शाल घेऊन उभे आहेत साहेब.

शंकरप्पा : उभ्यानं दमतील. बसा म्हणावं. बाई, सामान?

शिवांजली : पिशवीत आहे सगळं. पानाचा हिरवा रंग काढायचं स्पिरिटसुद्धा.

शंकरप्पा : मग प्रयोगशाळा उघडायला लावा. रणधीर, कुंपणाला जास्वंद हाय. एक पान तोडून आणा, उन्हाच्या अंगाचं.