याकोमिनाकाकूंचं धुराडं

येर्सेक या समुद्रकाठच्या गावातल्या बेकरीत माझ्यापुढे रांगेत दोघी उभ्या होत्या: म्हाताऱ्या याकोमिनाकाकू आणि त्यांची शेजारीण नेल.

"काकू, घरात चूल नाही की धूर नाही. मग काल गवंड्याला हाकलून का दिलंत?"

"धुराडं पाडायला निघाला होता मेला."

"अहो, मोडकळीला आलंय ते!"

"येऊ दे. समुद्रातून बघताना चर्चचा मनोरा आणि आमचं धुराडं एका रेषेत आलं, की मरिनस बोट थांबवायचा. तिथेच खाली, समुद्राच्या तळाशी, त्याचे शिंपले वाढायला पेरलेले असायचे. लोखंडी जाळं सोडलं की भरूनच वर यायचं."

"आता ती जागा आमच्याकडे आहे ना. आमच्या बोटीवर सगळं स्क्रीनवर दिसतं. धुराड्याकडे कोण बघतंय?"

"तुझा नवरा नसेल बघत. मरिनसला कुठे कळायचं ते स्क्रीनबिन?"

"काकू... मरिनसकाकांना जाऊन बारा वर्षं झाली. नुसती बोट परत आली तेव्हा."

"हो. नुसती बोटच आली."

रांग पुढे सरकली. याकोमिनाकाकू पुन्हा नेलकडे वळल्या.

"तुझ्या नवऱ्याकडे उंच शिडी आहे ना गं?"

"आहे. का?"

"धुराड्याला पांढरा रंग द्यायचाय. हल्ली धुक्यात दिसत नाही ते."