शेवटच्या थांब्याच्या पुढं

बसा की चन्नबसम्मा मावशी, उभ्या कामून? ताडकळसहून पोखर्णीपर्यंत इतक्या उनात आलात, पानी तरी घ्या – राजशेखरचंच इचारायलात ना, सांगतो – पन मी तिकडं आखातात शहराच्या बसवर डायवर, दिवसाला पाच-सहाशे मानूस चढायचं, त्यात तुमचं पोरगं कवा दिसलं न् कवा न्हाई, कसं ध्यानात राहावं? आन् मानसं बी कसली! एक जन ससाणा घेऊन चढला, डोळ्यावर चामड्याची टोपी घातलेला ससाणा – मी मनलं उतर, तर त्यानं पाखराचं बी तिकीट काढलेलं! हसा की मावशी. एक जन संडासाचं भांडं मांडीवर घेऊन बसला, नवंकोरं, पस्तीस थांबे तसाच – एका बाईनं तर मधमाशांची पेटी आनली, समदी गाडी पाय वर घेऊन बसली. आन् एक जन, मागच्या जूनमधी, पान्याचे पाच-पाच लिटरचे चार डबे घेऊन चढला, दोन हातात, दोन खांद्यावर दोरीनं, शेवटच्या थांब्याचं तिकीट द्या मनला, आन् तिथं तर निस्ती रेती –

काय? न्हाई न्हाई, तो दुसराच कुनी तरी व्हता. तिकडं आपल्याकडची लय पोरं हायत. – असं बघू नका माझ्याकडं. – बरं, तोच व्हता. राजशेखरच.

घाबरू नका, धडधाकट व्हता, बोलला माझ्याशी चांगला. शेठ बाहेर सोडीना, पासपोर्ट देईना, मनून निघाला. – व्हय, त्या शेठाकडं लावलं मीच. पासपोर्ट बी माझ्याच हातानं दिला शेठाला, न्हाई कुठं मनायलोय, पन तिथं समद्यांचेच ठेवून घेतेत! काका, काय तरी करा मनून चार येळा आला पोरगा माझ्याकडं – मी काय करू? मी सांगितलं, शेवटच्या थांब्याच्या पुढं सरळ चालत जा, सरहद्द हाय, पलीकडचे पोलिस धरतेत न् घरी लावून देतेत. – किती लांब? दोन तास. मंजी, ऐकलेलं. मी कुठं चालत गेलोय मावशी?

दिवाळीलाच आलो मी गावाकडं, तुमच्याकडं येनारच व्हतो. आज जाऊ, उद्या जाऊ – राहिलं. तुमची वस्तू जपून ठेवलीय, थांबा – ही घ्या. उतरायच्या आधी त्यानं गळ्यातून ही चांदीची डबी काढली, आईला द्या मनला, आन् पाया पडला माझ्या. वाटंत कुनी चांदी हिसकावंल मनून दिली असंल. उघडा, बघा, आत लिंग हाय तसंच हाय, मी बोट लावलं न्हाई.

मावशी? – ओ मावशी, जमिनीवर कामून बसलात? – काय मनलात? पूजेला हातावर घेतेत तेवढंच, न्हाई तर जित्या मानसाच्या अंगावेगळं करतच न्हाईत? मेलेल्याच्या बी संगं पुरतेत? – मला कसं ठावं असनार, आमच्यात कुठं हाय तसलं – मी तर वरीसभर मनाला सांगायलोय, पोचला असंल, कुठं तरी जेलात असंल, सुटंल – मंजी त्याला गाडीतच कळलं व्हतं? पाया पडताना बी? मंग उतरला कशाला? बोलायचं व्हतं की मला – मी गाडी माघारी आनली असती – आनली असती, मावशी!

पाया पडला तवा मी हसलो व्हतो वो. पोचल्यावर फोन कर मनलं, दरवाजा लावला न् गाडी वळवली. आरशात दिसत व्हता, लय वेळ. मी मग आरसाच फिरवला.

उठा. रडा तरी, न्हाई तर उठा. माझी बायको केशरबाई येईल आता शेतातून, तिला ह्यातलं काय बी माहीत न्हाई. जावा तुमी, मावशी. जावा.